परक्या पंगतीतील विद्यार्थी : आत्मपर लेखनातील अन्नाचा अर्थ

१

शिक्षणासाठी परदेशी गेलेल्या भारतीयांची पत्रे आणि आत्मचरित्रे, तसेच त्यांच्यावर लिहिली गेलेली चरित्रे सलग वाचली असता एक गोष्ट ध्यानात येते. ग्रंथालये, परीक्षा आणि अध्यापक यांच्याविषयी या लेखनात जेवढे सांगितलेले असते, जवळजवळ तेवढेच जेवणाविषयी सांगितलेले असते. काय खाल्ले, काय नाकारले, कोणी वाढले, शेजारी कोण बसले होते, पोट भरले की नाही, याचा तपशील लेखक आवर्जून देतो. आपल्या समीक्षेने या मजकुराकडे दोन प्रकारे पाहिले आहे. चरित्रसमीक्षेने त्यात निष्ठेचा किंवा हालअपेष्टांचा पुरावा शोधला. प्रवासवर्णनाच्या समीक्षेने त्याला रंजक तपशील मानून बाजूला ठेवले. दोन्ही ठिकाणी अन्न हा लेखनाच्या आशयातला एक कण ठरला. लेखनाच्या घडणीशी त्याचा काय संबंध आहे, हा प्रश्न उपस्थित झाला नाही.

प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, परदेशातील विद्यार्थ्याच्या आत्मपर लेखनात जेवणाचा उल्लेख हे नेहमी कोणाला तरी दिलेले उत्तर असते. ते कोणाला दिले आहे, हे ठरविल्याशिवाय त्या उल्लेखाचा अर्थ लागत नाही. ताटात पडलेला पदार्थ तोच असूनही उत्तर मागणारा बदलला की विधानाचा अर्थ उलटा होऊ शकतो.

अन्नाच्या अर्थविचारासाठी आधुनिक मानवशास्त्राने काही उपयुक्त संकल्पना दिल्या आहेत. भोजन ही एक संकेतव्यवस्था असून समाजातील जवळीक आणि दुरावा तिच्यात नोंदलेला असतो, असे मेरी डग्लस यांनी १९७२ च्या आपल्या निबंधात दाखविले. अर्जुन अप्पादुराई यांनी १९८१ मध्ये दक्षिण भारतीय हिंदू समाजातील अन्नव्यवहाराची चिकित्सा करून अन्न हे संघर्षाचे आणि सत्तेचे माध्यम कसे होते, याचे विवेचन केले. या दोन्ही विचारांचा भर प्रत्यक्ष व्यवहारावर आहे. आपल्यासमोर मात्र त्या व्यवहाराचे कथन आहे, आणि कथनाला निवेदक असतो तसाच अभिप्रेत वाचकही असतो. आत्मचरित्र हा लेखक आणि वाचक यांच्यातील एक करार आहे, हे फिलीप लेज्यून यांचे १९७५ मधील सूत्र येथे अधिक उपयोगी पडते. मात्र त्यात एक भर घालावी लागते. लेज्यून यांच्या करारात वाचक हा लेखकाच्या प्रामाणिकपणावर विश्वास ठेवणारा सहभागी असतो. एकोणिसाव्या शतकात समुद्रापार गेलेल्या हिंदू विद्यार्थ्याचा वाचक हा बहुधा न्यायाधीश होता.

२

आनंदीबाई जोशी यांचे उदाहरण येथे प्रथम घ्यावे लागते. वैद्यकाच्या शिक्षणासाठी अमेरिकेस जाण्यापूर्वी, फेब्रुवारी १८८३ मध्ये, त्यांनी श्रीरामपूर येथील महाविद्यालयात एक इंग्रजी भाषण केले. आपण का जात आहोत, एकटीच का जात आहोत, परत आल्यावर बहिष्कार पडला तर काय, असे लोकांनी विचारलेले प्रश्न घेऊन त्यांची एकेक करून उत्तरे देणे, अशी या भाषणाची रचना आहे. बहिष्काराच्या प्रश्नाला उत्तर देताना त्या म्हणतात की, येथे राहते तशीच तेथे राहण्याचे मी ठरविले आहे, तर मला बहिष्कृत का करावे? चालीरीती, अन्न आणि पोशाख यांत काहीही बदल करणार नाही, हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, असा त्यांचा निर्धार आहे.

या विधानाचा काळ भविष्यकाळ आहे, ही बाब लक्षणीय आहे. परदेशी जेवणाचा पहिला घास घेण्यापूर्वीच त्याविषयीची जबानी नोंदविली गेली. पुढे अमेरिकेतून लिहिलेली पत्रे, आणि त्या पत्रांच्या आधारे काशीबाई कानिटकरांनी लिहिलेले चरित्र, या जबानीच्या सावलीत वाचले गेले. शाकाहार, थंडी, खालावत जाणारी प्रकृती यांचे उल्लेख वाचक सहानुभूतीने वाचतो खरा. परंतु त्याचबरोबर तो ते तपासूनही पाहत असतो. मार्च १८८६ मध्ये फिलाडेल्फिया येथील महिला वैद्यक महाविद्यालयातून पदवी घेऊन त्या परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात वारल्या. त्यानंतर त्यांच्या आहाराचे दोन परस्परविरुद्ध अन्वयार्थ संभवतात. एका अन्वयार्थानुसार तो व्रताचा विजय ठरतो, दुसऱ्यानुसार व्रतासाठी मोजलेली किंमत. श्री. ज. जोशी यांच्या ‘आनंदी गोपाळ’ (१९६८) या कादंबरीपर्यंत मराठी वाचक या दोन अन्वयार्थांच्या मध्ये उभा आहे. आनंदीबाईंना तेथील अन्न कसे लागले, कोणता पदार्थ आवडला, कोणाच्या घरी जेवताना संकोच गळून पडला, हे प्रश्न मात्र त्याने विचारलेले नाहीत. जबानीत रुचीला स्थान नसते.

हा न्यायाधीश कल्पित नव्हता, हे आनंदीबाईंच्या मृत्यूनंतर चार वर्षांच्या आतच सिद्ध झाले. ४ ऑक्टोबर १८९० रोजी पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहा आणि बिस्किटे यांचा स्वीकार केलेल्या प्रतिष्ठितांची नावे वृत्तपत्रात प्रसिद्ध झाली. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, ग्रामण्य माजले. चहा कोणी प्यायले आणि कोणी नुसता स्वीकारून बाजूला ठेवला, याचाही खल झाला. टिळकांनी आपण प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले. न्यायमूर्ती रानड्यांनी १८९२ मध्ये ते घेतले. ही नावे उजेडात आणण्यामागे गोपाळराव जोशी होते, म्हणजे आनंदीबाईंचे पतीच, ही घटनेतील विदारक उपरोधाची जागा होय. पुणे सोडून कोठेही न गेलेल्या माणसांना एका पेल्याबद्दल दोन वर्षे उत्तरे द्यावी लागतात, तेथे तीन वर्षे परदेशात जेवलेल्या विद्यार्थिनीने आपल्या अन्नाविषयी निर्हेतुकपणे लिहावे, ही अपेक्षाच अनैतिहासिक आहे.

३

याच काळात इंग्लंडमध्ये असलेल्या पंडिता रमाबाईंच्या पत्रव्यवहारात अन्न पुन्हा येते. येथे मात्र उत्तर मागणारा बदललेला आहे. रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या, वाँटेज येथील भगिनीसंघाच्या आश्रयाने राहिल्या आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. वैद्यकाचा अभ्यास बहिरेपणामुळे शक्य झाला नाही. पुढे चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात त्या संस्कृत शिकवीत आणि स्वतः इतर विषय शिकत. धर्मांतरानंतर जातीचा न्यायाधीश त्यांच्यापुरता अधिकारच्युत झाला होता. तरीही त्यांनी शाकाहार सोडला नाही, आणि अंडी घातलेले पुडिंग नाकारले. त्यांच्या धर्ममाता सिस्टर जेराल्डिन यांना या नकारात जातीचा जुना अहंकार दिसला.

रमाबाईंनी १८८५ मध्ये दिलेले उत्तर हे आपल्या आत्मपर गद्यातील अन्नविषयक लेखनाचे एक विलक्षण उदाहरण आहे. हवे तर माझा अहंकार पाय आणि पुडिंग, लोणी आणि दूध, पाणी आणि भात, बूट आणि मोजे यांत शोधा, असे सांगत त्या ही यादी आपण रोज जाळतो त्या कोळशापर्यंत नेऊन भिडवितात. जातीचे संस्कार आपल्यातून पूर्णपणे गेलेले नाहीत, हेही त्या मान्य करतात. आपण हिंदू आहोत आणि शक्य तेथवर पूर्वजांच्या रीती पाळतो, असे त्यांचे सांगणे आहे. आणि शेवटी प्रतिप्रश्न करतात : एखादी इंग्रज स्त्री हिंदूंमध्ये जाऊन राहिली आणि कोणालाही अपाय न करणाऱ्या आपल्या सवयी तिने बदलल्या नाहीत, तर तिला गर्विष्ठ म्हटलेले चालेल काय?

यादी हा येथील शैलीचा विशेष आहे. अन्नापासून सुरू झालेली यादी पोशाखावरून इंधनावर जाते आणि तपासणी करणाऱ्याच्या तपासणीचेच विडंबन होते. आनंदीबाईंच्या वाक्यातही अन्न आणि पोशाख एकत्र येतात. पण तेथे ते आश्वासन म्हणून येतात, येथे उपहास म्हणून. दोघींची कृती एकच आहे : निषिद्ध ते न खाणे. एकीच्या न खाण्याला घरच्या समाजाने निष्ठा म्हटले. दुसरीच्या न खाण्याला नव्या धर्मबांधवांनी बंडखोरी म्हटले. केवळ संकेतव्यवस्थेच्या आधारे या दोन नकारांतील भेद सांगता येणार नाही, कारण संकेत दोन्हीकडे तोच आहे. भेद आहे तो संबोधनाचा.

तथापि, रमाबाईंच्या प्रतिप्रश्नातही एक गृहीत आहे, त्याचा उल्लेख टाळता येणार नाही. पूर्वजांच्या रीती कोणालाही अपाय करीत नाहीत, हे विधान वाँटेजच्या भोजनगृहात खरे आहे. पुण्यात ते खरे नव्हते. मार्च १८८९ मध्ये मुंबईत उघडलेल्या शारदासदनातही विधवा विद्यार्थिनींना आपल्या जातीचे अन्नविषयक नियम पाळता यावेत, अशी व्यवस्था त्यांना ठेवावी लागली. परदेशात स्वातंत्र्याचे चिन्ह ठरलेली रीत मायदेशी परतताच पुन्हा पंक्तिभेदाचे चिन्ह होऊ शकते.

४

मोहनदास गांधी यांच्या लंडनमधील तीन वर्षांचे (१८८८ ते १८९१) कथन या परंपरेत निराळे ठरते, कारण येथे न्यायाधीशाची जागा क्रमाक्रमाने स्वतः निवेदक घेतो. कथनाचा प्रारंभ मात्र जबानीचाच आहे. मद्य, मांस आणि स्त्रीसंग यांपासून दूर राहण्याची शपथ त्यांनी आईसमोर घेतली. जातीने तरीही त्यांना वाळीत टाकले. लंडनमधील पहिल्या काही महिन्यांचे वर्णन हे उपासमारीचे वर्णन आहे. पाव मागून घेण्याचा संकोच, यजमानीणबाईंच्या मुलींनी आग्रहाने वाढलेला एखाद-दुसरा जादा तुकडा, आणि तेवढ्याने न भागणारी भूक. येथे पाव वाटून घेण्यातील माणुसकी आणि लाज या दोन्ही गोष्टी एकाच प्रसंगात दिसतात.

फॅरिंग्डन स्ट्रीटवरील शाकाहारी उपाहारगृह सापडणे हा या कथेतील वळणबिंदू होय. तेथे त्यांना पोटभर जेवण मिळाले, आणि जेवायला बसण्यापूर्वी त्यांनी एक शिलिंग देऊन हेन्री सॉल्ट यांचे शाकाहाराचा पुरस्कार करणारे पुस्तक (१८८६) विकत घेतले. अन्न आणि ग्रंथ एकाच दाराशी मिळाले, या योगायोगावर निवेदनाची पुढील सर्व उभारणी झाली आहे. तोवर शपथेमुळे पाळला जाणारा आहार त्यानंतर पटलेला आहार झाला. परदेशात काय शोधले, या प्रश्नाचे त्यांनी दिलेले उत्तर विरोधाभासात्मक आहे : जे घरून नेले होते त्याचेच कारण तेथे सापडले.

या शोधाचे खरे परिमाण पालकाच्या भाजीच्या दोन उल्लेखांत दिसते. सुरुवातीला रिचमंडच्या मुक्कामात मसाल्याविना उकडलेला पालक त्यांच्या गळ्याखाली उतरत नव्हता. पुढे घरून मागविलेले मसाले आणि मिठाई त्यांनी बंद केली, आणि तीच उकडलेली भाजी त्यांना गोड लागू लागली. त्यावरून चवीचे स्थान जिभेत नसून मनात आहे, या निष्कर्षाला ते आले. परदेशातील अन्नशोध म्हणजे अपरिचित पदार्थांची ओळख, असे आपण सामान्यतः समजतो. येथे पदार्थ तोच राहतो, खाणारा बदलतो. रुची ही निसर्गदत्त नसून घडविलेली आहे आणि म्हणून पुन्हा घडविता येते, हा तो शोध होय. पंक्तिव्यवहाराचे संपूर्ण शास्त्र ज्या किळसेवर उभे असते, ती किळसही घडविलेलीच असते, हे या निष्कर्षाचे पुढचे पाऊल गांधी या प्रकरणात टाकीत नाहीत. वाचकाने ते टाकावयास हवे.

समीक्षकाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची आहे ती अंड्याची चर्चा. ‘मांस’ या शब्दाच्या तीन व्याख्या त्यांना इंग्लंडमध्ये आढळल्या. पहिलीनुसार पशुपक्ष्यांचे मांस तेवढे वर्ज्य, मासे आणि अंडी चालतील. दुसरीनुसार प्राणिमात्राचे मांस वर्ज्य, अंडी चालतील. तिसरीनुसार प्राण्यापासून मिळणारे सर्वच, म्हणजे दूधसुद्धा वर्ज्य. पहिल्या दोन्ही व्याख्यांनी अंडे मोकळे होत होते. परंतु शपथ घेणाऱ्याने ती देणाऱ्याच्या मनातील अर्थानेच पाळली पाहिजे, आणि जेथे दोन अर्थ संभवतात तेथे दुर्बळ पक्षाचा अर्थ स्वीकारला पाहिजे, असा नियम त्यांनी स्वतःला घालून दिला. आईच्या अर्थाने अंडे मांसातच मोडत होते. म्हणून अंडी सुटली, आणि शाकाहारी उपाहारगृहातही प्रत्येक पुडिंगमध्ये आणि केकमध्ये काय आहे, हे विचारणे नशिबी आले.

हे एक अर्थनिर्णयनाचे तत्त्व आहे. संहितेचा अर्थ कोणाच्या हाती, हा प्रश्न आपल्या समीक्षेत लेखकाचा हेतू आणि वाचकाचे स्वातंत्र्य या द्वंद्वातून मांडला जातो. गांधी तिसरा निकष देतात : सामर्थ्याचा. शब्दकोश, तर्क आणि भोवतालचा समाज ज्याच्या बाजूने आहेत त्याने आपला सोयीचा अर्थ लादू नये. पत्राने वाद घालू न शकणाऱ्या, हजारो मैल दूर असलेल्या आईचा अर्थ येथे प्रमाण ठरतो. मात्र हा निकष आईपाशी थांबतो. पंक्तीबाहेर ठेवलेल्या माणसाला ‘शुद्ध’ या शब्दाचा अर्थ विचारला तर काय उत्तर येईल? दुर्बळ पक्षाचा अर्थ प्रमाण मानावयाचा तर हा प्रश्न टाळता येत नाही, आणि लंडनच्या प्रकरणांत तो येत नाही.

सहभोजनाचे एक वेगळेच रूप मात्र या प्रकरणांत आहे. बॅरिस्टर होण्यासाठी परीक्षेइतकेच ‘इन’मधील ठराविक भोजनांना हजर राहणे आवश्यक होते, तेथे जेवणे हीच हजेरी. चार विद्यार्थ्यांच्या गटास मद्याच्या दोन बाटल्या मिळत. न पिणारा गांधी आपल्या गटात असावा म्हणून त्यांना मागणी असे, कारण मग दोन बाटल्या तिघांत वाटल्या जात. पुढे एका शाकाहारी पारशी विद्यार्थ्यासह त्यांनी अर्ज केला, आणि वरिष्ठांच्या मेजावरील फळे आणि भाज्या त्या दोघांना मिळू लागल्या. वर्ज्य करणाराही पंक्तीत बसू शकतो, त्याच्या वर्ज्य करण्याचा शेजाऱ्यास लाभ होतो, आणि दोन निरनिराळ्या धर्मांचे विद्यार्थी एका अर्जावर एकत्र येतात. ज्या विद्यार्थ्याला त्याच्या जातीने पंगतीबाहेर काढले होते, त्याला हे मेज मिळाले. निवेदकाने ही गोष्ट विनोदाने सांगितली आहे. तिच्यातील गांभीर्य त्यामुळे कमी होत नाही.

आत्मकथा १९२५ पासून, म्हणजे साडेतीन दशकांनंतर लिहिली गेली, त्यामुळे तिच्यातील विद्यार्थ्यावर पुढच्या सत्याग्रह्याची छाया आहे, असा आक्षेप येऊ शकतो. त्याला १८९१ मध्ये लंडनच्या ‘व्हेजिटेरियन’ या नियतकालिकात त्यांनी लिहिलेले लेख हे उत्तर आहे. भारतीय शाकाहारी लोक, त्यांचे अन्न आणि सण यांची इंग्रज वाचकांना ओळख करून देणारे हे लेख त्यांच्या प्रसिद्ध लेखनातील अगदी पहिले. त्यांत शिळी भाकरी आणि मीठ एवढ्यावर दिवस काढणारे गरीब येतात, आणि त्या मिठावरील जबर कराचा उल्लेखही येतो. परक्याला आपल्या अन्नाची माहिती देऊ लागताच आपल्याच देशातील भुकेचा हिशेब लेखणीखाली येतो. वाटून घेण्यातून होणारा शोध तो हाच.

५

डॉ. आंबेडकरांकडे वळताना या मांडणीची दिशाच पालटते. आतापर्यंतच्या तिन्ही उदाहरणांत परदेशी पंगत हे धोक्याचे ठिकाण होते. तेथे काहीतरी गमावण्याची भीती होती. ज्याला मायदेशीच पंगत नाही त्याने परदेशी मेजावर काय गमवावे? कोलंबिया विद्यापीठात १९१३ ते १९१६, आणि लंडनमध्ये १९१६-१७ व पुन्हा १९२० ते १९२३, असा त्यांचा परदेशातील विद्यार्थिदशेचा काळ. लंडनच्या मुक्कामातील अर्धपोटी दिवसांचे वर्णन चरित्रकारांनी केले आहे. यजमानीणबाईंनी दिलेली तुटपुंजी न्याहारी, रात्री बॉव्हरिल हे मांसरसाचे पेय आणि बिस्किटे, आणि वाचता वाचता भूक अनावर झाली की एका परिचिताने दिलेले पापड भाजून खाणे. बॉव्हरिल आणि पापड एकाच रात्री, एकाच परिच्छेदात येतात. काय चालते आणि काय चालत नाही, याचा हिशेब कोणीही मागत नाही. हे अन्नकथन शुचितेच्या कक्षेबाहेरचे आहे. त्याचा विषय एकच : भूक आणि अभ्यास.

स्वतः आंबेडकरांनी याविषयी फारसे लिहिलेले नाही, आणि हे मौन अर्थपूर्ण आहे. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या १९३५-३६ च्या सुमारास लिहिलेल्या आणि १९९० मध्ये पुस्तिकारूपाने प्रसिद्ध झालेल्या आत्मकथनपर टिपणांत परदेशातील वर्षांना एखादेच वाक्य मिळाले आहे. युरोप-अमेरिकेतील पाच वर्षांच्या वास्तव्याने आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसली गेली होती, एवढेच ते सांगतात. कोणी वाढले, कोण शेजारी बसले, हे सांगण्याची गरज नव्हती; कारण तेथे शेजारी बसणे ही घटनाच नव्हती. जे सहज घडते त्याचे कथन होत नाही. आनंदीबाईंच्या कथनात रुचीविषयी मौन आहे, ते न्यायाधीशाच्या भीतीने. आंबेडकरांच्या कथनात पंगतीविषयी मौन आहे, ते न्यायाधीश नसल्यामुळे.

कथन सुरू होते ते १९१७ मध्ये बडोद्याच्या स्थानकावर. उतरावे कोठे? हिंदू खाणावळीत जागा मिळणार नाही. अमेरिकेत शिकण्यासाठी आलेले काही मित्र बडोद्यात होते. पण त्यांच्या दारी गेल्यास ते स्वागत करतील, याची खात्री त्यांना वाटेना. शेवटी नाव बदलून एका पारशी उतारूगृहात आश्रय घेतला, आणि अकराव्या दिवशी लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने तेथून हुसकावले. त्यानंतर ज्या दोन मित्रांकडे विचारणा केली त्यांतील हिंदू मित्राने नोकर निघून जातील, अशी अडचण सांगितली. ख्रिस्ती मित्राने पत्नीचा विचार घ्यावा लागेल, असे सांगितले.

अमेरिकेतील सहाध्यायांविषयीचे ते एक वाक्य या सर्व अन्नकथनाचा मर्मबिंदू आहे. परदेशात विद्यार्थी म्हणून जी बरोबरी सहज लाभते ती माणसांच्या स्वभावात मुरते, की केवळ त्या भूमीची सवलत असते? बोट किनाऱ्याला लागताच ती परत करावी लागत असेल, तर तिला शोध म्हणता येणार नाही. ‘जातिप्रथेचे विध्वंसन’ (१९३६) या ग्रंथात आंबेडकरांनी सहभोजनाच्या चळवळीला पुरेशी मानण्यास जो नकार दिला, त्याची पार्श्वभूमी बडोद्यात आहे, असे निश्चितपणे म्हणता येत नसले तरी दोहोंतील तर्क एकच आहे. अनेक जातींत परस्परांकडे जेवण्याची मुभा आहे, पण त्याने जातिभाव मेलेला नाही, असे त्यांचे निरीक्षण आहे. खरा उपाय आंतरजातीय विवाह आणि त्याहीपुढे शास्त्रप्रामाण्याचा त्याग. एकत्र जेवणे हे परिवर्तनाचे कारण असतेच असे नाही. पुष्कळदा ती परिवर्तनाची रंगीत तालीमच ठरते.

६

या चार उदाहरणांतून अन्नकथनाचे चार प्रकार हाती येतात : जबानी, प्रतिप्रश्न, अर्थनिर्णय आणि मौन. यांकडे विकासाच्या पायऱ्या म्हणून पाहणे चुकीचे ठरेल. एकाच लेखकात, एकाच पत्रात ते एकत्र नांदू शकतात. रमाबाईंच्या प्रतिप्रश्नात जबानीचा अंश आहे, गांधींच्या अर्थनिर्णयात मौनाची एक मोठी जागा आहे. वर्गीकरणाचा उपयोग एवढाच की, त्यामुळे वाचकाच्या बदलत्या स्थानाकडे लक्ष जाते. स्वातंत्र्योत्तर प्रवासलेखनात, उदाहरणार्थ पु. ल. देशपांडे यांच्या ‘अपूर्वाई’त (१९६०), हा वाचक न्यायासनावरून उतरून निवेदकाचा हसरा सोबती झाला. दूरचित्रवाणीच्या शिक्षणासाठी १९५८ मध्ये केलेल्या प्रवासाचे हे पुस्तक आहे. म्हणजे त्यातला प्रवासीही एका अर्थी विद्यार्थीच. त्यानंतरच्या मराठी लेखनात परदेशी विद्यार्थ्याचे अन्न बहुधा स्मृतीचा विषय झाले : आईचे हात, सणांचे दिवस, घरून आलेला डबा, चार मित्रांनी मिळून केलेला स्वयंपाक.

या स्मृतिरंजनाकडे समीक्षेने सावधपणे पाहावयास हवे. न्यायाधीश गेला, याचा अर्थ निवाडा संपला, असा होत नाही. परदेशात आठवणारे ‘आपले जेवण’ म्हणजे कोणाचे? पुरणपोळी, साबुदाण्याची खिचडी आणि वरणभात यांनाच मराठी चव म्हणून सर्वसंमती मिळते, तेव्हा सुकटीची आणि चान्यांची आठवण असणारा विद्यार्थी ती मित्रांसमोर उच्चारतो की गिळतो? शाहू पाटोळे यांच्या ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ (२०१५) या पुस्तकाने मराठवाड्यातील दलितांच्या खाद्यसंस्कृतीची जी नोंद केली, तिचे मोल येथे स्पष्ट होते. भोजनप्रसंगी उच्चारल्या जाणाऱ्या वचनातील पूर्णत्वाला त्या पुस्तकाचे शीर्षकच अपूर्ण ठरविते. वाटून घेण्याची भाषा जेव्हा सार्वत्रिक होते, तेव्हा वाटपात काय आलेच नाही, हे पाहणे समीक्षेचे काम आहे.

परदेशातील विद्यार्थी आपल्या ताटाविषयी लिहितो तेव्हा तो दोन पंगतींत एकाच वेळी बसलेला असतो. एक समोरची, अनोळखी माणसांची. दुसरी मागे राहिलेली. समोरच्या पंगतीत नवा पदार्थ सापडतो, आणि मागच्या पंगतीविषयीचे सत्य सापडते. पहिल्या शोधाने प्रवासवर्णन लिहून होते. दुसऱ्या शोधाला लेखक सामोरा जातो की नाही, यावर त्या लेखनाचे वाङ्मयीन आणि नैतिक मूल्य अवलंबून राहते. आणि ज्याला मागे पंगतच नव्हती, त्याच्या लेखनात हा प्रश्न लेखकाकडून वाचकाकडे येतो : तो परत आला तेव्हा आपल्यापैकी कोणी त्याच्यासाठी पाट मांडला होता?